चाखलेलं थुंकायचं नाही

माझे बाबा संत्री चाखायचे. हा काही धंदा नव्हता आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही देतही नसे. अंजनगावच्या बाजूला आमची स्वतःची लहानशी बाग आहे, ती सांभाळून ते आजूबाजूच्या गावांतल्या बागा चाखायला जायचे. आमच्याकडे संत्र्याची अख्खी बाग झाडावरच विकली जाते. मालक म्हणतो फळ तयार आहे, व्यापारी म्हणतो अजून आंबट आहे, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. अशा वेळी दोघांनाही चालेल असा तिसरा माणूस बोलावतात. आमच्या भागात तो माणूस म्हणजे बाबा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बांधावरच्या झाडांना हात लावायचा नाही, त्यांना ऊन जास्त मिळतं आणि ती फसवतात. बागेच्या मधोमध जायचं, सावलीकडच्या फांदीवरचं फळ तोडायचं, सोलायचं, एक फोड तोंडात टाकायची, सावकाश चावायची आणि गिळायची. मग थोडं थांबायचं. मालक एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, दोघंही गप्प. बाबांचं म्हणणं असं की गोड आणि आंबट जिभेला कळतं, पण कडवटपणा घशाखाली उतरताना कळतो, म्हणून गिळल्याशिवाय बोलू नये. अशी तीन झाडं व्हायची. मग ते एकच वाक्य बोलायचे. "तोडा." नाहीतर "आठ दिवस थांबा." भाव काय ठरला हे ऐकायलाही ते तिथे थांबत नसत.

आणि त्यांचा एक नियम होता. चाखलेलं थुंकायचं नाही. बिया तेवढ्या तळहातावर काढायच्या आणि त्याच झाडाच्या आळ्यात टाकायच्या. बाकी फळ आंबट असो, कडू असो, नुसता चोथा असो, पोटात गेलं पाहिजे. व्यापारी फोड चघळून पच्चकन बाजूला थुंकतात, त्याचा बाबांना भयंकर राग यायचा. "ज्यानं उन्हाळाभर झाडाले पानी देलं, त्याच्या समोर त्याचं फळ थुकायचं म्हंजे त्याच्या तोंडावर थुकनं झालं," असं ते म्हणायचे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण बाबांना झालेला आजार नेमका गिळण्याच्या वाटेवरच येऊन बसला. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला.

तो आम्हाला उशिरा कळला, आणि त्याला थोडाफार आंबा कारणीभूत आहे. उन्हाळाभर घरात रस होता. बाबा वाटी वाटी रस प्यायचे, पोळी ताटात तशीच ठेवायचे, आणि आईला वाटायचं, रसाची गोडी लागली आहे माणसाला. पाऊस सुरू झाला, रस संपला, तेव्हा ते भाकरीचा प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवायला लागले. आईनं विचारलं तर म्हणाले, दात दुखून राहिला. पोळ्याच्या सणाला मी अकोल्याहून घरी आले होते. मी अकोल्याला शाळेत शिकवते. पंगत बसली, बाबांनी पुरणपोळीचा तुकडा तोंडात घातला, आणि पाच मिनिटांनी उठून घराच्या मागे गेले. मी मागोमाग गेले. ते भिंतीला हात टेकून उभे होते आणि तो तुकडा जसाच्या तसा बाहेर आला होता. त्यांनी पायानं त्यावर माती लोटली. मला पाहून म्हणाले, "मायले सांगू नको. सनाचा दिवस हाये."

मी अर्थातच लगेच जाऊन आईला सांगितलं. मी तशीच आहे. माझ्या धाकट्या भावाला विचारा, तो सांगेल की आमच्या घरात दोनच गोष्टी कोणाला न विचारता येतात, एक पाऊस आणि दुसरी ताई. शेत तो बघतो, पण घरातलं दुखणंखुपणं, लग्नकार्य, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे सगळं मी ठरवते. कोणी मला हे काम दिलेलं नाही. मी ते उचललं आणि नंतर कोणी मागितलंही नाही.

दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. गाठ होती. नंतरच्या फोटोंमध्ये ती यकृतापर्यंत पोचल्याचं दिसलं. डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावून सांगितलं की ऑपरेशन करून ती काढता येणार नाही, आता त्रास कमी करणं हेच हातात आहे. बाहेर बाकावर बाबा बसले होते. आत जाताना आम्ही दोघं होतो आणि बाहेर येईपर्यंत आमच्यात ठरूनही गेलं होतं की त्यांना सांगायचं नाही. म्हणजे मी ठरवलं आणि भावानं मान हलवली. मी बाबांना म्हटलं, अन्ननलिकेला सूज आहे, औषधानं उतरेल. ते "बरं" म्हणाले आणि बसस्टँडकडे चालू लागले.

तोवर पाणीसुद्धा अडखळायला लागलं होतं. बाबांच्या छातीची हाडं दिसू लागली. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र सफरचंद घेऊन यायचा. ज्याला पाण्याचा घोट उतरत नाही त्याच्या उशाशी सफरचंदांची रास. आईनं शेवटी ती बकऱ्यांना घातली. पुण्याच्या मावशीचे रोज फोन, रोज नवा काढा, आणि प्रत्येक काढ्यानं कोणीतरी खडखडीत बरं झालेलं. मी एकदा म्हटलं, मावशी, काढा गिळता आला असता तर आम्ही भाकरच दिली नसती का? त्यानंतर चार दिवस फोन आला नाही.

पुढच्या उपचारांसाठी मी आई-बाबांना अकोल्याला माझ्याकडे आणलं. तिथल्या डॉक्टर बाई माझ्याहून लहान होत्या, आवाज हळू, पण बोलणं सरळ. त्यांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला अन्ननलिका काढली, मधे गाठ काढली आणि काय काय करता येईल ते सांगायला लागल्या. अरुंद झालेल्या जागी फुग्यानं ताणून वाट मोठी करता येते, पण ती थोड्याच दिवसांत पुन्हा बारीक होते. जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, दुर्बिणीतून आत बसवता येते. ती उघडली की एकदोन दिवसांत पातळ आणि मऊ अन्न तोंडानं जायला लागतं, पण छातीत दुखू शकतं, ती सरकू शकते, तुंबू शकते, आणि गाठ तिच्या टोकांवरून वाढू शकते. किरणांची काही सत्रं देता येतात. त्यांचा गुण यायला आठवडे लागतात, पण आला तर जास्त टिकतो. किरण आतूनच देण्याची पद्धतही आहे, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. आणि यातलं काही नको असेल तर पोटावर लहानसं छिद्र करून नळी बसवता येते, तिच्यातून दूध, पेज, पातळ अन्न थेट पोटात.

मी म्हटलं, पोटातली नळी बसवा. माझा हिशेब सोपा होता. नळीतून किती गेलं ते मोजता येतं, अडकायची भीती नाही, माणूस उपाशी राहत नाही. स्टेंटच्या सरकण्या-तुंबण्याच्या भानगडीत कशाला पडायचं?

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबांना काय हवंय?"

"त्यांना माहीत नाही काय झालंय ते. सूज आहे असं सांगितलंय."

"मग आधी ते सांगू. कुठली नळी ते नंतर बघू."

मला राग आला. आमच्या घरातलं आम्हाला कळतं, या कोण? पण त्या उठून बाहेर गेल्या, बाबांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "म्या जिंदगीभर फळं पाह्यली बाई. आतून किडलेलं वजनावरून समजते. हे पोट्टे सूज म्हनतात, म्हनू द्या." मी तिथून उठून पाण्याच्या नळाशी गेले. तीन आठवडे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते आम्हाला वाईट वाटू नये म्हणून आमच्यापासून लपवत होते.

डॉक्टर बाईंनी तोच कागद बाबांच्या हातात दिला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. पोटाच्या नळीनं चव लागते का? नाही, त्या म्हणाल्या. आणि जाळीनं लागते का? लागते. "मंग जाळी बसवा," बाबा म्हणाले. "पोट काय, जनावराचंही भरते."

स्टेंट बसला. पहिले दोन दिवस छातीत असं दुखलं की ते कुशीवर वळेनात, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, मी सांगत होते. तिसऱ्या दिवशी दुखणं औषधानं आटोक्यात आलं. आईनं भात मिक्सरमधून काढून पातळ गोड्या वरणात कालवला. बाबांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि तो खाली उतरला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मीठ कमी हाये." आई हसली आणि रडायलाच लागली. मीही रडले, उगाच कशाला नाही म्हणू.

घरी जाताना सूचनांचा कागद मिळाला. बसून खायचं, घास मऊ करून, थोडा थोडा. मधूनमधून कोमट पाणी, जेवणानंतर सोड्याचे दोन घोट, म्हणजे जाळी साफ राहते. आडवं सपाट झोपायचं नाही, नाहीतर पोटातलं वर येतं. पोळी, ब्रेड, दोऱ्या असलेल्या भाज्या नाहीत, आणि संत्र्या-मोसंबीचा चोथा तर अजिबात नाही. गाळलेला रस चालेल. भावानं खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. सोडा म्हणजे शहरी लोकांचे नखरे असं जन्मभर म्हणणारे बाबा रोज दोन घोट घ्यायचे आणि ढेकर देऊन म्हणायचे, "डाक्टरीन बाई हुशार हाये."

दसरा झाला. वजन थोडं वाढलं. ते काठी घेऊन आपल्या बागेत चक्कर मारायला लागले. मला वाटलं, चला, काही महिने तरी सुखाचे मिळाले.

दिवाळीच्या आधी आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं वर्षातलं पहिलं पीक, विकायला येतो. शेजारच्या गावातला बाबांचा जुना मित्र त्यांना बाग चाखायला घेऊन गेला. घरी सांगितलं, नुसते बसून येऊ. नुसते कुठले बसतात? मालक एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, मधे बाबा. त्यांनी तीन झाडांच्या तीन फोडी खाल्ल्या, पातळ सालींसकट, चोथ्यासकट, आणि गिळल्या. "तोडा," म्हणाले आणि घरी आले. संध्याकाळी चहा उतरेना. मग पाणी उतरेना. मग तोंडातली लाळसुद्धा उतरेना, आणि ते एक वाडगं मांडीवर घेऊन बसले. सकाळ होताच भावानं त्यांना गाडीत घातलं आणि अकोटमार्गे अकोल्याला आणलं.

डॉक्टर बाईंनी पुन्हा दुर्बीण घालून जाळीत अडकलेला चोथा एकेक करून बाहेर काढला. जाळी जागेवर होती, नशीब. बाबांना वॉर्डात आणल्यावर मी सगळ्यांसमोर त्यांना झापलं. शेजारच्या खाटांवरचे लोक माझ्याकडे बघत होते, तरी माझं तोंड थांबेना. लेकरू आहात का तुम्ही, कागद वाचून दाखवला होता ना, चाखायचंच होतं तर चघळून थुंकायचं होतं.

बाबांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "त्याच्यासमोर थुकू का मी?"

मला त्या वेळी ते वेडेपण वाटलं. तीन फोडींच्या मानापानासाठी स्वतःच्याच जिवावर उठलेला माणूस. मी काय केलं ते आता सांगायला जड जातं, पण सांगते. बाहेर व्हरांड्यात येऊन मी त्यांच्या मित्राला फोन लावला आणि नको ते बोलले. पुन्हा बाबांना कोणी चाखायला बोलावलं तर माझ्याशी गाठ आहे, ही गोष्ट गावात सगळ्यांना सांगा, असं बजावलं. ते बिचारे म्हातारे, "हाव माय, हाव माय," करत राहिले. बाबांना मी या फोनबद्दल काही सांगितलं नाही.

फोनचा गुण आला. कोणी आलं नाही. दिवाळी गेली, गाड्या भरभरून संत्री निघाली, आमच्या घरावरून गेली. बाबा अंगणातल्या खाटेवर बसून त्या बघायचे. खाणंपिणं नीट चाललं होतं, मी दर शनिवारी जाऊन वजन करून यायची आणि आकडा बघून खूश व्हायची. ते कमी बोलायला लागले होते, पण मी म्हटलं, आजारात माणूस कमी बोलतोच.

संक्रांतीला गेले तेव्हा आई तीळ निवडत बसली होती. तिनं वर न बघता सांगितलं, "त्यायले वाटते, आता आपलं तोंड कामाचं नाही राह्यलं, बिमारीनं चव गेली असं लोकायले वाटते, म्हनून कोनी बलावत नाही. परवा मले म्हने, मी चुकीचं सांगतलं का त्या बागेचं? फळ आंबट निंगालं का?"

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. मी जिवापाड जपत होते म्हणत होते, आणि जपता जपता त्यांची उभ्या जन्माची अब्रू काढून घेतली होती, तीसुद्धा त्यांना न सांगता. मी तशीच अंगणात गेले आणि फोनबद्दल सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं, तर आधी त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे फळ गोडच निंगालं?" म्हणाले. मी म्हटलं, हो, गोडच होतं.  मग म्हणाले, "तू सारं चांगल्यासाठीच करतं, मले मालूम हाये. पन इचारत जा ना माये. जिता हावो मी आजून."

जानेवारी संपता संपता पुन्हा घास अडायला लागला. या वेळी चोथ्याचा प्रश्न नव्हता. दुर्बिणीत दिसलं की गाठ जाळीच्या वरच्या टोकावरून आत वाढली आहे. डॉक्टर बाईंनी तसाच एक कागद घेतला. पहिल्या जाळीत दुसरी जाळी बसवता येईल. पोटातली नळी अजूनही बसवता येईल. पण अंगात ताकद उरलेली नाही, यकृताचं दुखणं वाढलंय, आणि यातल्या कशानं दिवस फार वाढतील असं त्यांना वाटत नव्हतं. काहीच नको असेल तर दुखण्याचं आणि कोरड्या तोंडाचं औषध देऊन घरी नेता येईल, त्या फोनवर कायम असतील.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. दुसरी जाळी बसवा, लगेच, आजच. मी ते उत्तर तोंडातच ठेवलं. इतकं जड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. बाबांच्या खाटेशी जाऊन बसले, कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "बाबा, तुमाले काय पाह्यजे?"

त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खरंच विचारते आहे की नुसतं म्हणते आहे, हे ते तपासत होते. मग म्हणाले, "घरी ने."

मी त्यांना घरी नेलं. शाळेतून रजा घेतली.

शेवटच्या दिवसांत चमच्यानं पाणी, कधी दूध, तेही अर्धं वाटीत परत. पुढे नुसता ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. दुखण्याचं औषध लागू होतं, त्यामुळे चेहरा शांत असायचा. भूक लागते का विचारलं तर म्हणाले, भूक नाही, तोंड मात्र रिकामं रिकामं वाटतं. या एका वाक्यानं मी दिवसभर घरात वेड्यासारखी फिरत होते.

फेब्रुवारी होता. आमच्या बागेतला मृग बहार, म्हणजे पावसाळ्यात फुललेलं दुसरं पीक, तयार होत आला होता. व्यापारी रोज निरोप पाठवत होता आणि भावाचं ठरत नव्हतं. त्याला फळाचा रंग कळतो, चव तेवढी कळत नाही. ते काम नेहमी बाबांचं. तो ओसरीत हळू आवाजात आईशी बोलत होता की उद्या तोडून टाकतो, बाबांच्या आजारात कुठे बघत बसायचं. बाबांनी ते ऐकलं आणि मला हातानं जवळ बोलावलं.

"एक फळ आन," म्हणाले. "मधातल्या झाडाचं. सावलीकडचं."

मी म्हटलं, बाबा, गिळता नाही येणार.

"गिळत नाही. थुकतो."

 या माणसानं तीन फोडींपायी जीव धोक्यात घातला होता. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. ते म्हणाले, "आपल्याच झाडाचं आन. दुसऱ्याचं थुकू नाही. आपलं चालते."

मी स्वतः बागेत गेले. मधलं झाड शोधलं, सावलीकडची फांदी धरली, फळ तोडलं. चप्पल ओलिताच्या चिखलात रुतली, ती तशीच सोडून आले. खाटेशी बसून फळ सोललं, तसा खोलीत वास भरला आणि बाबांचे डोळे मोठे झाले. मी एक फोड त्यांच्या तोंडात ठेवली. त्यांनी ती फार हळू चावली, गालाच्या या बाजूला, मग त्या बाजूला. दात थकले होते. रस ओठाच्या कोपऱ्यातून आला तो मी पदरानं टिपला. दोनदा त्यांचा गळा गिळण्यासाठी हलला, सवयीनं, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःला थांबवलं. मी वाडगं पुढे धरलं. त्यांनी मान खाली घातली आणि थुंकलं. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा दुःखाचा नव्हता. कामात असलेल्या माणसाचा होता.

भाऊ दारात येऊन उभा होता. बाबा जरा थांबले, नेहमी थांबायचे तसे.

"आठ दिवस थांबा," म्हणाले.

वाडगं घेऊन मी मोरीकडे निघाले, तर त्यांनी हाक मारली. म्हणाले, मोरीत नाही, झाडाच्या आळ्यात टाक. मी टाकून आले.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा गेले. आम्ही तिघंही जवळ होतो, आणि आई त्यांच्या ओठांवर कापूस फिरवत होती.

आठवा दिवस आला तो नेमका राख सावडण्याचा. भाऊ आणि भाऊबंद सकाळी जाऊन आले. आंघोळी झाल्यावर भावानं व्यापाऱ्याला फोन केला की आज तोडा करायचा. काका चिडले. सुतकात बाग तोडतात का, लोक काय म्हणतील, तेरा दिवस थांबायला काय झालं? भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी ठरवीन म्हणून. मी आईकडे बघितलं आणि तिला विचारलं. आई म्हणाली, "त्यायनं आठ सांगतले हायेत. तेरा नाही सांगतले."

दुपारी व्यापारी मजूर आणि क्रेट घेऊन आला. हाही त्यांतलाच, फोड चघळून पच्चकन थुंकणारा. बागेत शिरल्या शिरल्या त्यानं सवयीप्रमाणे एक फळ तोडलं आणि सोलायला नखं लावली. मग भावाला विचारलं, "चाखलं कोनी?"

"बाबानं," भाऊ म्हणाला.

त्याची नखं सालीत तशीच राहिली. त्यानं ते फळ न सोलता पहिल्या क्रेटमध्ये ठेवलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मजुरांना म्हणाला, "लागा."